कोर्टाची पायरी चढलेले पेटंट: किंमत ठरवण्याआधी वादाचा इतिहास कसा वाचावा

रावेर-यावलकडे केळीची जमीन घ्यायची असली, की घेणारा आधी विहिरीचे पाणी बघतो आणि मग सातबारा काढतो. त्यातही त्याची नजर पिकांच्या रकान्यापेक्षा 'इतर अधिकार' या रकान्यावर जास्त वेळ थांबते, कारण बँकेचा बोजा, कुळाची नोंद किंवा भावकीतला दावा तिथेच सापडतो. हीच चौकस मंडळी जळगावच्या एमआयडीसीत एखादे पेटंट विकत घ्यायला किंवा परवान्याने वापरायला निघाली, की प्रमाणपत्रावरची मोहोर पाहून समाधान मानतात आणि 'यावर कधी कोर्टकचेरी झाली आहे का' हा प्रश्न सह्या झाल्यावर विचारतात. ठिबकचे साहित्य, पीव्हीसी पाइप, चटई, डाळ मिलची यंत्रे, केळीच्या खोडापासून धागा काढण्याची यंत्रे अशा व्यवसायांत पहिल्यांदाच पेटंटची किंमत ठरवणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या हिशेबाला बसलेल्या नवख्या लेखापालांसाठी, हा लेख आहे.

एक फरक सुरुवातीलाच सांगायला हवा. जमिनीवर दावा असला की भाव पडतो, यात फारसे अपवाद नसतात. पेटंटचे तसे नाही. वादामुळे पेटंटची किंमत शून्यावर येऊ शकते, तशीच ती दुपटीहून अधिक वाढूही शकते. आणि कित्येकदा जिंकूनही ती जागची हलत नाही. त्यामुळे 'जिंकला की हरला' एवढ्या माहितीवर मूल्यांकन करता येत नाही. वाद कशावर झाला, समोर कोण होते आणि तो नेमका कुठे येऊन थांबला, हे वाचावे लागते.

आणखी एक खुलासा शब्दांचा. पेटंटच्या शेवटी संरक्षणाची हद्द सांगणारी जी क्रमांकित वाक्ये असतात, त्यांना मराठीत काही जण 'दावे' म्हणतात. पण कोर्टात दाखल होतो तोही दावाच. गोंधळ टाळण्यासाठी पेटंटमधल्या वाक्यांना मी इथे 'क्लेम' म्हणतो आणि कोर्टातल्या प्रकरणाला 'दावा'.

पहिली पायरी: प्रमाणपत्राला हमीपत्र समजू नका

पेटंट कायदा १९७० चा असला तरी तो लागू झाला २० एप्रिल १९७२ रोजी. त्याचे कलम १३(४) सांगते की अर्जाची तपासणी झाली किंवा पेटंट मंजूर झाले, म्हणून शासन त्याच्या वैधतेची कोणतीही हमी देत नाही. तपासनिसासमोर त्या वेळी जे कागद होते, त्यांवरून पेटंट मंजूर झालेले असते. उद्या कोणी एखादे जुने माहितीपत्रक, परदेशातले आधीचे पेटंट किंवा एखाद्या प्रदर्शनात मांडलेले यंत्र पुढे आणले, तर मंजूर पेटंटही रद्द होऊ शकते.

याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या ओळखीच्या धंद्यातला आहे. मिर्झापूरच्या एका भांडी बनवणाऱ्या उद्योगाला १९५१ च्या अर्जावर एक पेटंट मिळाले होते. लेथवर भांडे पकडून ते कातण्याची आणि पॉलिश करण्याची सुधारित रीत, हा त्याचा विषय. दुसऱ्या उत्पादकाने ती रीत वापरली म्हणून दावा झाला, त्याने पेटंटच्या वैधतेवरच बोट ठेवले, आणि प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेले. 'बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज' या निकालात १९७८ साली न्यायालयाने ठरवले की ही जुळणी त्या धंद्यातल्या कुशल कारागिराला सहज सुचण्याजोगी आहे, त्यात शोध नाही. पेटंट मंजूर झाले म्हणून ते वैध मानता येत नाही, हे तत्त्व आजही याच निकालाचा आधार घेऊन सांगितले जाते. मूल्यांकन करणाऱ्याने त्यातले आणखी एक गणित पाहावे: १९५१ चे पेटंट, १९७८ चा निकाल, तोवर त्या पेटंटची मुदत कधीच उलटून गेली होती.

दुसरी पायरी: वादांची पूर्ण यादी काढा

विकणारा जी यादी देतो ती सहसा कोर्टातल्या दाव्यांपुरती असते, आणि बऱ्याचदा त्याने जिंकलेल्या दाव्यांपुरती. पेटंटवरचा वाद मात्र चार-पाच ठिकाणी उगवू शकतो. पेटंट मंजूर होण्याआधी कलम २५(१) खाली कोणीही हरकत घेऊ शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत कलम २५(२) खाली हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते. त्यानंतर कलम ६४ खाली पेटंट रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात होतो, किंवा उल्लंघनाच्या दाव्यातच प्रतिवादी तशी मागणी करणारा प्रतिदावा लावतो. २०२१ पर्यंत रद्द करण्याचे अर्ज बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात असत. ते मंडळ बरखास्त होऊन तिथली प्रकरणे उच्च न्यायालयांकडे गेली, त्यामुळे जुन्या पेटंटचा माग काढताना मंडळाचे आदेशही धुंडाळावे लागतात.

शोध कुठे घ्यायचा? पेटंट कार्यालयाच्या 'इनपास' या मोफत शोधयंत्रात अर्ज क्रमांक टाकला की हरकतीचे कागद, तपासणी अहवाल, त्याला दिलेली उत्तरे आणि ई-नोंदवही दिसते. नूतनीकरणाचे शुल्क भरले आहे का, मालक तोच आहे का, बँकेकडे तारण आहे का, हेही तिथेच कळते. शुल्क चुकल्यामुळे पेटंट लोप पावले असेल, तर पुढची कुठलीच पायरी चढण्याची गरज उरत नाही. पुनरुज्जीवनाचा अर्ज करण्यासाठी १८ महिन्यांची मुदत तेवढी पाहून घ्यावी. दाव्यांसाठी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घ्यावा आणि सापडलेल्या प्रकरणाचा १६ अंकी सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा. नाव मात्र तीन-चार प्रकारे टाकून पाहा, कारण भागीदारी संस्थेचे नाव, मालकाचे नाव आणि पुढे झालेल्या कंपनीचे नाव वेगवेगळे असते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात, म्हणून नवखा माणूस तिथेच शोधून थांबतो. पण माल दिल्लीत विकला गेला असेल तर दावा दिल्ली उच्च न्यायालयातही असू शकतो, आणि देशातले पुष्कळ मोठे पेटंट दावे तिथेच चालले आहेत. दिल्लीचा शोध वगळलेली यादी अपुरी समजावी.

यादी झाली की प्रकरणांची संख्या मोजत बसू नका. साक्रीच्या पठारावरून जाताना ज्या पवनचक्क्या दिसतात, तशाच यंत्रांच्या पेटंटवरून 'अलॉइस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा' हा वाद झाला. त्यात एकाच पेटंटसाठी उल्लंघनाच्या दाव्यातला प्रतिदावाही होता आणि अपील मंडळाकडे रद्द करण्याचा वेगळा अर्जही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एकाच पेटंटवर हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवता येणार नाहीत, त्यांपैकी एक निवडावा लागेल. आपल्यासाठी यातला धडा साधा आहे: फायली कितीही असोत, भांडण एकच असू शकते. मोजणी पेटंटनिहाय आणि पुढे क्लेमनिहाय करायची असते.

तिसरी पायरी: निकालाआधी रोजनामा वाचा

जिल्हा न्यायालयातून रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला काय घडले त्याच्या नोंदींची, नक्कल काढली, की पहिल्या पानावर साधारण अशा ओळी असतात: 'वादीचे वकील हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.' पुढच्या तारखेला पुन्हा तेच. चार-पाच तारखांनंतर 'कैफियत (म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल. प्रतिदावा दाखल.' आणि त्याखाली 'कलम १०४ प्रमाणे प्रकरण मा. उच्च न्यायालयाकडे वर्ग.' या शेवटच्या ओळीत फार काही सांगितलेले आहे. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो. पण प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याची मागणी केली की दावा आणि प्रतिदावा दोन्ही उच्च न्यायालयाकडे जातात. म्हणजे या ओळीपासून वादाचा विषय बदलला: 'त्याने नक्कल केली का' हा प्रश्न मागे पडून 'मुळात पेटंट टिकते का' हा प्रश्न पुढे आला. खरेदीदाराच्या जोखमीची तारीख तीच.

रोजनाम्यातून दुसरी गोष्ट कळते ती म्हणजे घाई कोणाला होती. तारखा वारंवार पेटंटधारकानेच मागितल्या असतील, तर त्याला स्वतःच्या पेटंटच्या परीक्षेची भीती वाटत असावी, असा माझा अनुभवाने झालेला ग्रह आहे. तो पुरावा नव्हे, पण असे दिसले की मी आणखी खोलात जातो.

मनाई हुकमाबाबत विशेष सावध राहावे. माझ्या ओळखीतल्या एका कारखानदाराने अमळनेरकडच्या विक्रेत्याच्या 'भाऊ, केस आपलीच शे' या एका वाक्यावर इसार दिला. नक्कल आली तेव्हा तो हुकूम अंतरिम निघाला, आणि त्यावरचे अपील सुनावणीला लागलेले. अंतरिम हुकूम देताना न्यायालय प्रथमदर्शनी बाजू, दोन्ही पक्षांची सोय-गैरसोय आणि पैशाने भरून न येणारे नुकसान एवढेच पाहते. पुरावा अजून नोंदवलेला नसतो. उलट बाजूही खरी आहे. पेटंटच्या वैधतेवर विश्वास ठेवण्याजोगी शंका उभी राहिली तरी मनाई नाकारली जाऊ शकते, म्हणून मनाई मिळाली नाही याचा अर्थ पेटंट अवैध ठरले असा होत नाही.

बजाज आणि टीव्हीएस यांच्यातला दोन स्पार्क प्लगच्या इंजिनाचा वाद या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली, मे २००९ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने ती उठवली, आणि सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे दावे लवकर निकाली काढण्याबाबत निर्देश दिले. तरीही वाद मिटला तो २०१९ मध्ये, तडजोडीने. पेटंटचा अर्ज २००२ मधला आणि पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची. ज्याने २००८ च्या मार्चमध्ये या पेटंटची किंमत केली असती आणि ज्याने २००९ च्या जूनमध्ये केली असती, त्या दोघांचे आकडे जमीन-अस्मानाइतके वेगळे आले असते, आणि दोघांपैकी कोणाच्याही हातात अंतिम निकाल नसता.

चौथी पायरी: प्रत्येक क्लेमचा वेगळा हिशेब ठेवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच वगळली जाते. एक कल्पित उदाहरण घेऊ. ठिबकच्या लॅटरलच्या टोकाला एंड कॅपऐवजी बसणारा एक व्हॉल्व्ह आहे. पंप सुरू होताना दाब कमी असतो तेव्हा तो काही क्षण उघडा राहतो, साचलेला गाळ बाहेर टाकतो आणि दाब चढला की आपोआप बंद होतो. पेटंटमध्ये तीन क्लेम आहेत. पहिला कोणत्याही आकाराच्या पडद्यावर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा ठरावीक खाचा असलेल्या रबरी पडद्याचा, तिसरा असा व्हॉल्व्ह वापरून शेताला पाणी देण्याच्या पद्धतीचा.

कोर्टात पहिला क्लेम जुन्या परदेशी पेटंटमुळे पडला असेल. तिसरा टिकणे मुळातच अवघड, कारण शेतीची पद्धत कलम ३(ह) प्रमाणे पेटंटयोग्य शोधच मानली जात नाही. उरला दुसरा. विकणारा सांगेल, 'पेटंट टिकले'. ते खोटे नाही. पण स्पर्धकाने खाचांची रचना बदलून दुसऱ्या आकाराचा पडदा घातला, तर तो या क्लेमच्या बाहेर जातो. खरेदीदाराने विचारायचा प्रश्न हा, की आज बाजारात जे पाच-सहा व्हॉल्व्ह विकले जातात, त्यांतले किती उरलेल्या क्लेममध्ये बसतात. दोन बसत असतील तर तुम्ही दोनांवरच रॉयल्टी मागू शकता.

म्हणून एका कागदावर क्लेमचे क्रमांक उभे लिहावेत आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या आधारे आव्हानित झाला, कोणता पुरावा आला आणि काय ठरले ते लिहावे. वादाच्या दरम्यान कलम ५९ च्या मर्यादेत क्लेम दुरुस्त करून अरुंद केला असेल, तर मूळ आणि दुरुस्त अशी दोन्ही वाक्ये शेजारी ठेवावीत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात बहुधा मूळ वाक्यच छापलेले सापडते. तपासणी अहवालाला आणि हरकतीला उत्तर देताना मालकाने 'आमचा शोध अमुकापेक्षा वेगळा आहे, कारण आमच्यात तमुक आहे' असे लिहिले असेल, तर तेही टिपावे. ते वाक्य पुढे त्याच्याविरुद्धच वाचले जाते.

एकापेक्षा जास्त पेटंट एकत्र विकली जात असतील तर हेच पेटंटनिहाय करावे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लावा कंपनीला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई देण्यास सांगितले, तो निकाल धारकाच्या बाजूचा म्हणून ओळखला जातो. तरी त्यातल्या आठ पेटंटपैकी एक अवैध ठरले.

पाचवी पायरी: हार सगळ्यांसाठी, जीत एकट्यासाठी

न्यायालयाने पेटंट रद्द केले की ते नोंदवहीतून जाते, आणि मग कोणाविरुद्धही वापरता येत नाही. जिंकल्यावर मात्र तसे होत नाही. एका प्रतिवादीविरुद्ध पेटंट वैध ठरले, तरी उद्या दुसरा कोणी नवा पुरावा घेऊन आव्हान देऊ शकतो. कलम ११३ खाली न्यायालय वादग्रस्त क्लेमच्या वैधतेचे प्रमाणपत्र देऊ शकते, पण त्याचा मुख्य उपयोग पुढच्या दाव्यात जिंकल्यास खर्च वसूल करण्यापुरता आहे. नवा प्रतिवादी त्यामुळे गप्प बसत नाही. अमेरिकेतही १९७१ च्या 'ब्लॉन्डर-टंग' निकालापासून साधारण हाच तोल आहे: एकदा पुरेशी संधी मिळून पेटंट अवैध ठरले, की ते दुसऱ्यावर उगारता येत नाही.

आपल्याकडे एक मधली अवस्थाही असते. कलम १०७ प्रमाणे प्रतिवादी केवळ बचाव म्हणून अवैधतेचा मुद्दा घेऊ शकतो. प्रतिदावा न लावता तो या बचावावर जिंकला, तर दावा फेटाळला जातो, पण पेटंट नोंदवहीत तसेच राहते. असे पेटंट 'इनपास'वर जिवंत दिसते आणि निकालपत्रात मेलेले असते. फक्त ई-नोंदवही पाहून किंमत करणारा इथे हमखास फसतो.

आता समोर कोण होते ते पाहावे. तगड्या, पैसेवाल्या आणि त्या क्षेत्रातल्या जाणकार स्पर्धकाने चांगले वकील देऊन, साक्षीदार तपासून, जुने साहित्य खणून आव्हान दिले आणि तरीही क्लेम टिकला, तर त्या निकालाचे वजन मोठे. प्रतिवादी हजरच राहिला नाही आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर पेटंटची परीक्षा झालीच नाही असे धरावे, मग हुकूमनामा कितीही कडक भाषेत असो. तडजोडीने झालेला हुकूमनामा या दोहोंच्या मध्ये बसतो; त्यातल्या अटी पाहिल्याशिवाय त्याचे वजन ठरवू नये. प्रतिवादीने मोठी रक्कम देऊन परवाना घेतला असेल तर ते बळ आहे. धारकानेच शून्य रॉयल्टीवर परवाना देऊन दावा मागे घेतला असेल, तर आपले पेटंट पडणार हे त्याला दिसले असण्याची शक्यता जास्त.

आणि ज्या पेटंटवर कधी वादच झाला नाही, त्याचे काय? बारा वर्षांत कोणी भांडले नाही याचे दोन अर्थ निघतात. एक, सगळ्यांनी निमूटपणे परवाना घेतला. दुसरा, ते वापरावेसे कोणाला वाटलेच नाही. यांतला खरा कोणता हे कागदावर शोधण्यापेक्षा चार दुकाने फिरून लवकर कळते. सोबत पेटंट वापरात आहे की नाही याचे 'नमुना २७' मधले निवेदन वाचावे.

सहावी पायरी: आकडा मांडा

पेटंटची किंमत काढण्याच्या तीन रीती सांगितल्या जातात: शोधाला लागलेला खर्च, तशाच पेटंटचा बाजारभाव, आणि त्यापासून पुढे मिळणारे उत्पन्न. पहिलीचा कोर्टाच्या इतिहासाशी संबंध नाही, दुसरीसाठी आपल्या भागात तुलनेला व्यवहारच मिळत नाहीत. म्हणून तिसरीच धरून चालू.

वरच्याच कल्पित व्हॉल्व्हची वार्षिक विक्री २ कोटी रुपये आणि रॉयल्टीचा दर ४ टक्के धरला, तर वर्षाला ८ लाख. पेटंटची ९ वर्षे उरली आहेत आणि आजचे मूल्य काढण्यासाठी १५ टक्के दर धरला, तर ९ वर्षांच्या रॉयल्टीचे आजचे मूल्य सुमारे ३८ लाख येते. वाद झालेला नाही, म्हणून टिकण्याची शक्यता ७० टक्के मानू. किंमत झाली सुमारे २६ लाख ७० हजार.

आता समजा, तीन वर्षे दावा चालला आणि पेटंट पूर्ण सुनावणीनंतर टिकले. शक्यता ९० टक्क्यांवर गेली. पण उरली सहाच वर्षे. ८ लाखांचे सहा वर्षांचे आजचे मूल्य सुमारे ३० लाख ३० हजार, आणि त्याचे ९० टक्के म्हणजे सुमारे २७ लाख २० हजार. विजयाने जे दिले ते तीन वर्षांनी खाल्ले, वर वकिलांची फी वेगळीच. मग जिंकून उपयोग काय? उपयोग इतरांकडून येतो. निकालाची वाट पाहत परवाना टाळणाऱ्या दोन उत्पादकांची मिळून ३ कोटींची विक्री असेल आणि आता ते ४ टक्के द्यायला तयार झाले, तर आणखी १२ लाख वर्षाला. त्याचे तसेच मूल्य सुमारे ४० लाख ९० हजार. एकूण किंमत ६८ लाखांवर जाते. म्हणजे निकालाने किंमत वाढते ती बाजारात किती जण अजून परवान्याविना आहेत त्यावर. कोणीच नसेल, तर विजय चौकटीत लावून ठेवण्यापुरता.

दावा अजून चालू असेल तर शक्यता निकालाच्या टप्प्यानुसार बदलावी आणि पुढचा खर्च वजा करावा. प्रतिवादीने आणलेला जुना पुरावा भक्कम दिसत असेल तर ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे मी नवख्यांना सांगतो. तो आकडा कायद्यातून आलेला नाही, माझ्या सावधपणातून आलेला आहे. काळाचा हिशेब किती निर्दय असतो हे रोश विरुद्ध सिप्ला या प्रकरणात दिसते. एर्लोटिनिब या कर्करोगावरच्या औषधाचा दावा २००८ मध्ये सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने रोशचे पेटंट वैध व सिप्लाकडून उल्लंघन सिद्ध मानले. पण पेटंट मार्च २०१६ मध्ये संपणार असल्याने मनाई दिली नाही, सिप्लाला विक्रीचा हिशेब द्यायला सांगितला.

तडजोडीत मिळालेली रॉयल्टी बाजारभाव म्हणून वापरायचा मोह होतो, तिथे थांबा. खटल्याच्या दडपणाखाली दिलेल्या रकमेत वकिलांची फी वाचवण्याची किंमतही मिसळलेली असते. कोडॅकची गोष्ट याच चुकीची आहे. चित्र टिपण्याआधी पडद्यावर दाखवण्याच्या पेटंटच्या जोरावर या कंपनीने सॅमसंगकडून ५५ कोटी डॉलर आणि एलजीकडून ४१ कोटी डॉलरहून अधिक मिळवले होते. त्यावर भिस्त ठेवून, दिवाळखोरीत गेल्यावर २०१२ मध्ये तिच्या सुमारे १,१०० डिजिटल छायाचित्रण पेटंटची किंमत २२० ते २६० कोटी डॉलर सांगितली गेली. जुलै २०१२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ॲपल आणि ब्लॅकबेरीवाल्या रिमविरुद्धच्या प्रकरणात त्याच पेटंटचा कळीचा क्लेम अवैध ठरवला. डिसेंबरमध्ये सगळा संच सुमारे ५२.५ कोटी डॉलरला गेला. घसरणीला दुसरी कारणेही होती, विकण्याची घाई हे त्यातले मोठे. पण जुन्या तडजोडींचे आकडे पुढच्या कमाईची ग्वाही देत नाहीत, हे त्यातून पुरेसे दिसते.

एखाद्या प्राधिकरणाने दर ठरवला असेल तर तो वाटाघाटीत येतोच. मार्च २०१२ मध्ये बायरच्या सोराफेनिब औषधावर नॅटकोला सक्तीचा परवाना देताना पेटंट नियंत्रकांनी ६ टक्के रॉयल्टी ठरवली आणि पुढे अपील मंडळाने ती ७ टक्के केली. औषधाचा दर व्हॉल्व्हला लावू नये, एवढे भान मात्र ठेवावे.

सातवी पायरी: इतिहास करारात उतरवा

हस्तांतरण लेखी असावेच लागते, हे कलम ६८ सांगते. त्या लेखात विक्रेत्याने सर्व दावे, हरकती, अपिले आणि पाठवलेल्या-आलेल्या नोटिसा यांची यादी जोडून ती पूर्ण असल्याचे लिहून द्यावे. नोटिसा कोर्टाच्या संकेतस्थळावर दिसत नाहीत, त्या फक्त त्याच्या कपाटात असतात. मागील उल्लंघनाची भरपाई वसूल करण्याचा हक्क कोणाकडे जातो ते स्पष्ट शब्दांत लिहावे, नाहीतर पेटंट तुमचे आणि भरपाई जुन्या मालकाची असा प्रकार होतो. त्या भरपाईला तीन वर्षांची मुदत लागू होते, हेही लक्षात असावे. दावा चालू असताना खरेदी झाली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२, नियम १० प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने वादीच्या जागी तुम्हाला उभे राहता येते. तो अर्ज कोण करणार आणि वकिलाची थकलेली फी कोण देणार, हे आधीच ठरवून घ्यावे.

रक्कम एकदम देऊ नये. वरच्या उदाहरणात २७ लाख आणि ६८ लाख यांच्यातला फरक निकालानंतर इतर उत्पादक परवाना घेतील की नाही यावर अवलंबून आहे. तेव्हा आज २५ लाख द्यावेत आणि पुढच्या प्रत्येक नव्या परवान्याच्या रॉयल्टीतला ठरावीक वाटा विक्रेत्याला द्यावा, हे दोघांनाही परवडते. विक्रेता या अटीला कडाडून नकार देत असेल, तर तो निकालाबद्दल बोलतो त्यापेक्षा कमी निश्चिंत आहे असे मी समजतो.

शेवटचा हप्ता मात्र नोंदवहीत नाव लागल्याखेरीज सोडू नका. 'नमुना १६' भरून हस्तांतरणाची नोंद मुंबईच्या पेटंट कार्यालयात करावी लागते, आणि नोंद न झालेला लेख कलम ६९(५) प्रमाणे, नियंत्रकांनी किंवा न्यायालयाने परवानगी दिल्याशिवाय, मालकीचा पुरावा म्हणून घेतला जात नाही.